न पाहिलेल्यांची मोजदाद

गेल्या व्याख्यानात आपण ‘अनुमान’ या प्रमाणाविषयी बोललो. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण स्वयंपाकघरात दोघांना एकत्र पाहिलेलं असतं. मग ज्याला कोणीच कधी पाहिलेलं नाही त्याचं अनुमान कसं करायचं, हा प्रश्न तेव्हा वेळेअभावी राहून गेला होता. आज आपण तो घेऊ. पण न्यायसूत्रांतून न घेता रसायनशास्त्राच्या इतिहासातून घेऊ, कारण तिथे या प्रश्नावर शंभर वर्षं खरोखरीचं भांडण झालं, आणि ते भांडण ‘आहे की नाही’ असं न राहता ‘किती आहेत’ या वाटेनं मिटलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे जरा चमत्कारिकच वाटतं. अस्तित्वाचा निकाल मोजणीनं कसा लागेल?

शाळेत आपण सगळ्यांनी एक आकडा पाठ केलेला आहे. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. १८ ग्रॅम पाण्यात एवढे रेणू, १२ ग्रॅम कार्बनमध्ये एवढे अणू. याला म्हणायचं एक मोल. (मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत, हा शब्द तो नव्हे, जर्मनमधून आलेला आहे. तो कोणी आणला ही मोठी गंमत आहे, ती पुढे.) आकडा पाठ होतो, गणितं सुटतात, गुण मिळतात. हे मोजलं कोणी, कसं, आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, हे विचारायला मात्र वर्गात सवड नसते.

आधी शब्दांचा थोडा घोळ निस्तरू. आपण मराठीत ‘अणू’ म्हणतो त्याला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात, आणि आपल्या ‘रेणू’ला हिंदीत ‘अणु’ म्हणतात. दिल्लीच्या आणि पुण्याच्या विद्यार्थ्यानं एकमेकांशी रसायनशास्त्र बोलायचं ठरवलं तर पहिल्याच वाक्यात गोंधळ. आज आपण मराठीच वापर करू: अणू एकटा, रेणू म्हणजे अणूंचा जोडलेला समूह.

परमाणू हा शब्द निघाला की कणाद आठवणारच, आणि आठवावाच. वैशेषिकांचा एक युक्तिवाद फार मार्मिक आहे. पदार्थाचे तुकडे करत गेलो आणि ते कधीच संपले नाहीत, तर मेरू पर्वतालाही अनंत अवयव आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत अवयव. मग पर्वत मोठा आणि मोहरी लहान कशामुळे? म्हणून कुठेतरी थांबायला हवं. बघा, हा युक्तिवाद मुळात संख्येचा आहे. लहान-मोठेपण हे अवयवांच्या संख्येवर उभं आहे, आणि ती संख्या सांत हवी, असं तो सांगतो. त्यांनी एक आकडाही दिला. झरोक्यातून उन्हाची तिरीप येते, तीत धूलिकण तरंगताना दिसतात, त्यातला एक कण म्हणजे त्रसरेणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे सहा परमाणू. आजच्या हिशेबानं तसल्या लहानशा धूलिकणातही अणूंची संख्या लाख कोटींच्या घरात जाते. पण सहा हा आकडा चुकला म्हणून हसण्यात अर्थ नाही. तो मोजलेला नव्हताच, रचनेच्या तर्कातून आलेला होता. संख्या असलीच पाहिजे इथपर्यंत तर्क पोचतो. ती किती, हे सांगायला त्याच्या हातात काही नसतं. युरोपातही ग्रीकांपासून डाल्टनपर्यंत याहून वेगळी अवस्था नव्हती.

डाल्टननं १८०८ साली आपलं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं आणि अणूंना वजनं द्यायला सुरुवात केली. एका अणूचं ग्रॅममधलं वजन त्याला माहीत नव्हतंच. हायड्रोजनचा अणू १ धरला तर बाकीचे किती पट, एवढंच तो विचारत होता. पण इथे एक चक्र तयार होतं. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे तराजू सांगतो. आता पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असेल, तर ऑक्सिजन ८ पट जड. हायड्रोजनचे दोन असतील तर १६ पट. म्हणजे वजन कळायला सूत्र हवं आणि सूत्र कळायला वजन हवं. आमच्या शास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. डाल्टननं तो ‘सर्वांत साधं तेच खरं’ असं म्हणून ओलांडला, आणि पाणी एकास एक ठरवलं. साधेपणा हा निकष म्हणून किती दगा देऊ शकतो याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

चक्र तोडलं ते इटलीतल्या तुरीनच्या ॲव्होगाड्रोनं, १८११ साली. शिक्षणानं वकील, चर्चच्या कायद्याचा पदवीधर. त्याच्यासमोर गे-ल्युसॅकचं निरीक्षण होतं: दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापं वाफ होते. तो म्हणाला, समान तापमानाला आणि समान दाबाला कुठल्याही वायूच्या समान आकारमानात कणांची संख्या समान असते. हे धरलं, तर ऑक्सिजनच्या एका मापातून वाफेची दोन मापं होतात, म्हणजे ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगला पाहिजे. म्हणजे तो कण जोडीचा आहे. आणि पाण्यात हायड्रोजनचे दोन आहेत.

या गृहीतकात संख्या आहे, पण आकडा नाही. किती ते त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. आपण वाण्याच्या दुकानातलं उदाहरण घेऊ. समजा, एक हरभरा ज्वारीच्या पाच दाण्यांइतका भरतो. मग १ किलो ज्वारी आणि ५ किलो हरभरे यांत दाण्यांची संख्या सारखीच. एकही दाणा मोजायला नको! मोलचं सगळं मर्म एवढंच आहे. पदार्थाचं रेणुभार म्हणून जे गुणोत्तर येतं तेवढे ग्रॅम घ्यायचे. पाण्याचे १८, ऑक्सिजनचे ३२, कार्बन डायऑक्साइडचे ४४. प्रत्येक पुडीत कणांची संख्या एकच. रसायनशास्त्रज्ञाला अभिक्रियेसाठी कण जोडीनं लावायचे असतात, त्याला ही समान संख्येची पुडी पुरते. आकडा न कळताही कारखाने चालले, रंग बनले, औषधं बनली.

एक अट तेवढी पाळावी लागते: काय मोजतो आहोत ते सांगावं लागतं. ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणजे अणूंचा की रेणूंचा? पहिला १६ ग्रॅम, दुसरा ३२. मिठाचा तर रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांची एक अखंड रास असते. तिथे आपण जोड्या मोजतो. साडेअठ्ठावन ग्रॅम मीठ म्हणजे जोड्यांचा एक मोल. कुठलीही मोजणी करण्याआधी ‘एक’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, ही जुनी तात्त्विक गोष्ट रसायनशास्त्राच्या व्याख्येत अशी गुपचूप येऊन बसली आहे.

ॲव्होगाड्रोचं मात्र कोणी ऐकलं नाही. स्वीडनचा बर्झेलियस त्या काळचा मोठा अधिकारी. त्याच्या मते अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युत गुणांमुळे. एकाच जातीचे दोन अणू जोडीनं राहूच कसे शकतील? जवळपास ५० वर्षं असा गोंधळ चालला की एकेका साध्या पदार्थाची अनेक सूत्रं छापली जात. शेवटी १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. केकुलेची खटपट होती. तीन दिवस चर्चा झाली आणि ठराव असा काही झाला नाही. जाताना मात्र कॅनिझारो या इटालियन प्राध्यापकाची एक पुस्तिका वाटली गेली. नाव होतं ‘रासायनिक तत्त्वज्ञानाच्या एका अभ्यासक्रमाची रूपरेषा’. आम्हांला नावामुळे ती आपलीशी वाटते हे कबूल, पण तिचं महत्त्व खरंच मोठं आहे. ॲव्होगाड्रोचं गृहीतक पाळलं की सगळी अणुभारं कशी एका ओळीत येऊन बसतात, ते त्यानं दाखवलं. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव होता. ॲव्होगाड्रो स्वतः चारच वर्षांपूर्वी, १८५६ ला, वारला होता.

आता गुणोत्तरं पक्की झाली. आकडा राहिलाच. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या लोश्मिटनं वायूंच्या गतिसिद्धांताचा आधार घेऊन हवेच्या रेणूचा व्यास काढला. वायू थंड होऊन द्रव झाला की किती आक्रसतो, आणि वायूत एक रेणू दुसऱ्यावर आपटेपर्यंत सरासरी किती अंतर जातो, या दोन गोष्टींतून. उत्तर सुमारे तिप्पट मोठं आलं, पण आवाका बरोबर होता. एका मिलिमीटरचा दहालाखावा भाग! जर्मन भाषेत या संख्येला पुष्कळ वर्षं लोश्मिटचंच नाव होतं, आणि ते अन्यायाचं नव्हतं.

एवढं झाल्यावर अणू मान्य झाले असतील असं आपल्याला वाटेल. उलट, भांडण आता पेटलं. त्याच व्हिएन्नात एर्न्स्ट माख होता. भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ, दोन्ही. अणूंची गोष्ट कोणी काढली की ‘तुम्ही एक तरी पाहिलात का?’ असं तो विचारत असे, असं सांगतात. दुसरा, लाइपझिगचा विल्हेल्म ऑस्टवाल्ड. भौतिक रसायनशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. त्याचं म्हणणं, आपल्याला वजन कळतं, उष्णता कळते, ऊर्जा कळते. अणू हे चित्र आहे, सोयीचं. चित्राला वस्तू समजू नका. १८९५ साली ल्यूबेक इथल्या सभेत त्याची आणि बोल्ट्झमानची जाहीर जुंपली. आणि आता ती गंमत: ‘मोल’ हा शब्द रूढ केला तो याच ऑस्टवाल्डनं, १८९० च्या दशकात. त्याला असं एकक हवं होतं की ज्यात फक्त ग्रॅम असतील, कण नसतील. आज कणांची मोजदाद म्हणून जो शब्द आपण शिकवतो, तो कण न मानणाऱ्या माणसानं दिलेला आहे!

या दोघांना हट्टी म्हणून निकालात काढणारी पुस्तकं आहेत. आम्हांला ते पटत नाही. त्यांचा आक्षेप योग्य होता. १९०० पर्यंत अणूच्या बाजूचा जो पुरावा होता, तो बहुतेक ‘असं धरलं तर हिशेब जुळतो’ या जातीचा होता. हिशेब जुळतो म्हणून वस्तू आहे असं म्हणायचं तर टॉलेमीची चक्रं-उपचक्रंही खरी मानावी लागतील. त्यांचेही हिशेब जुळत होते.

मग पॅरिसचा जाँ पेरँ आला. १९०८ पासूनची त्याची कामं. त्याची युक्ती अशी. हवेचे रेणू पृथ्वीकडे ओढले जातात आणि उष्णतेमुळे उधळलेही जातात. या दोहोंच्या ताणात वर जावं तशी हवा विरळ होते. साधारण ६ किलोमीटर वर गेलं की निम्मी. रेणू जितका जड तितकं हे अंतर कमी. पेरँ म्हणाला, हा नियम रेणूंना लागू आहे तर पाण्यात तरंगणाऱ्या, सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या कणालाही लागू असला पाहिजे. तो कण म्हणजे एक भलामोठा रेणूच समजू. त्याचं वजन मला काढता येतं. त्याचं ‘निम्मं होण्याचं अंतर’ मोजलं, की हवेच्या रेणूचं वजन साध्या त्रैराशिकानं निघेल.

कण घेतले गॅम्बोजचे. हा एका झाडाचा पिवळा चीक, चित्रकार जलरंगात वापरतात तो. झाड गार्सिनिया प्रजातीतलं, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड. आमसूल घालून आमटी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. हा चीक पाण्यात चोळला की बारीक गोळे तयार होतात, पण लहान-मोठे. सगळे एका मापाचे हवेत. पेरँनं ते यंत्रात गरगर फिरवून पुन्हा पुन्हा वेगळे केले. १ किलो गॅम्बोजपासून काही महिन्यांच्या कष्टांनी हाती आलं ते ग्रॅमचे काही दशांश. त्या गोळ्यांची त्रिज्या एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाचव्या हिश्शाएवढी.

मग मोजणी. सूक्ष्मदर्शकाखाली गोळे सारखे थरथरत असतात, ती ब्राउनची गती. मोजणार कसे? त्यानं दृष्टिक्षेत्र सुईच्या टोकाएवढ्या भोकानं इतकं लहान केलं की एका वेळी चार-पाचच गोळे दिसावेत, एका नजरेत संख्या कळावी. ठरावीक अंतरानं नजर टाकायची, आकडा लिहायचा. असं हजारो वेळा. एका प्रयोगात सुमारे १३,००० गोळे मोजले. तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन उंचीवर संख्यांचं प्रमाण आलं: १००, ४७, २३, १२. बघा, दर ३० मायक्रॉनला जवळपास निम्मं. काचेच्या पट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात वातावरण भरलेलं होतं!

आता त्रैराशिक. हवेत ६ किलोमीटर, इथे ३० मायक्रॉन. म्हणजे गोळा हवेच्या रेणूपेक्षा २० कोटी पट जड. पाण्याचा उचल-भाग वजा जाता गोळ्याचं वजन त्याला माहीत होतं. १ ग्रॅमचे १२० लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. याला आणखी २० कोटींनी भागलं की हवेचा रेणू. आणि हवेचे २९ ग्रॅम म्हणजे एक मोल. गुणाकार घरी जरूर करून पाहा, उत्तर १० च्या २३ व्या घाताच्या सात पट येतं. या संख्येला ॲव्होगाड्रोचं नाव द्यावं, हेही पेरँनंच १९०९ साली सुचवलं.

तरी माखचा प्रश्न उरतोच. गोळे दिसले, रेणू कुठे दिसले? खरं आहे. पण पेरँ एका उत्तरावर थांबला नाही. १९१३ च्या आपल्या ‘अणू’ या पुस्तकात त्यानं एक तक्ता दिला. वायूंचा चिकटपणा, गोळ्यांची उंचीनुसार वाटणी, त्यांची भटकंती (तिचं सूत्र १९०५ मध्ये आइन्स्टाइननं दिलं होतं), आकाशाचा निळेपणा, तापलेल्या वस्तूचा प्रकाश, विद्युतभारित थेंब, किरणोत्सर्ग. तेरा वाटा. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि उत्तरं बहुतेक ६ ते ७ गुणिले १० चा २३ वा घात.

त्यातली एक वाट तर थेट मोजणीची. रेडियममधून अल्फा कण सुटतात. रदरफर्ड आणि गायगर यांनी १९०८ साली ते एकेक करून मोजले. १ ग्रॅम रेडियम आणि त्यापासून होणारे अल्पायुषी पदार्थ मिळून सेकंदाला १३,६०० कोटी. प्रत्येक कण थांबला की हेलियमचा अणू होतो. तो हेलियम वर्षाला साठतो सुमारे ०.१६ घन सेंटिमीटर. इकडे कणांची संख्या, तिकडे वायूचं माप. भागा एकमेकांना. पुन्हा तेच, ६ च्या आसपास.

नैयायिकांच्या भाषेत हे ‘सामान्यतोदृष्ट’ अनुमान. मूळ वस्तू कधीच दिसत नाही, तरी सामान्य नियमावरून तिच्यापर्यंत जायचं. भाष्यकारांचं उदाहरण सूर्याचं आहे: माणूस चालल्याशिवाय जागा बदलत नाही, सूर्याची जागा बदललेली दिसते, म्हणून सूर्य चालतो. (आणि नेमका तोच चालत नव्हता!) एका दोरीवर लोंबकळणाऱ्या अनुमानाचं असं होतं. पेरँच्या हाती तेरा दोऱ्या होत्या. रेणू नसते, तर आकाशाच्या निळाईनं आणि रेडियमनं एकच आकडा सांगण्याचं कारण काय?

ऑस्टवाल्डनं १९०९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत, वायूंतल्या आयनांची मोजणी आणि ब्राउनच्या गतीवरची पेरँची कामं यांचा दाखला देऊन, अणू सिद्ध झाले असं स्पष्ट लिहून टाकलं. आयुष्यभर ज्याला विरोध केला ते छापील मान्य करायला मोठं मन लागतं. माख तेवढा वळला नाही. बोल्ट्झमान हे पाहायला नव्हता. १९०६ साली त्यानं आत्महत्या केली होती. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं.

तत्त्वज्ञांत हा खटला अजून मिटलेला नाही. वेस्ली सॅल्मननं पेरँचा तक्ता हे ‘समान कारणा’चं आदर्श उदाहरण मानलं. बास फान फ्रासन यांनी २००९ साली उलट लिहिलं की पेरँनं अणूंचं अस्तित्व सिद्ध केलं नाही, सिद्धांतातल्या राशींना मोजमापाशी बांधलं, एवढंच. दुसऱ्या मताचा आम्हांला आदर आहे. पण त्यात एक अडचण दिसते. बांधणी एकाच ठिकाणी झाली असती तर त्यांचं म्हणणं पुरलं असतं. तेरा ठिकाणच्या गाठी एकाच खुंटीला बसल्या, तेव्हा खुंटी नाहीच असं म्हणणं जास्त धाडसाचं होतं.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९७१ मध्ये मोल अधिकृत मूळ एकक झाला: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण. मग संख्येची अचूकता वाढवण्याची शर्यत लागली. शेवटी सिलिकॉनचा एकाच समस्थानिकाचा, १ किलो वजनाचा, ९४ मिलिमीटरच्या आतबाहेर व्यासाचा, मोठ्या संत्र्याएवढा गोळा बनवला गेला. स्फटिकाच्या एका घनात आठ अणू असतात. घनाची बाजू क्ष-किरणांनी मोजली, गोळ्याचा व्यास प्रकाशानं मोजला, आणि गोळ्यात किती घन मावतात त्याला आठानं गुणलं. दुसरीकडे वजनाची तुलना विद्युत-बलाशी करणारा एक तराजू स्वतंत्रपणे त्याच आकड्याकडे आला. पुन्हा दोन वाटा!

आणि २० मे २०१९ ला व्याख्या फिरवली. आता मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण, कमी नाही, जास्त नाही. मोजून सापडलेली संख्या ठरावानं स्थिर झाली. कोणी विचारेल, मग ती सत्य की संकेत? सत्य कळल्यावरच हा संकेत करता आला, असं आमचं उत्तर आहे. कण नसते तर या ठरावाला अर्थच राहिला नसता. फक्त मोजण्याची बाजू बदलली. १२ ग्रॅम हे पूर्वी ठरलेलं होतं आणि संख्या प्रयोगशाळेत शोधायची होती. आता संख्या ठरलेली आहे, आणि एक मोल कार्बन-१२ नेमका १२ ग्रॅम भरतो का, हे प्रयोगशाळेत तपासायचं आहे.